भूक कितीला लागली?

शनिवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या फाटकातून आत येणाऱ्या मुलीला आमच्या बाई एकच प्रश्न विचारायच्या. कुठं गेली होतीस, काय पाहिलंस, काय शिकलीस, यातलं काहीही नाही. फाटकाशी लाकडी खुर्ची, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत गजराचं घड्याळ आणि फुटाण्यांची पुडी. मुलगी समोर येऊन उभी राहिली की बाई तिच्या चेहऱ्याकडे नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "हं. भूक कितीला लागली?"

मुलगी जी वेळ सांगेल ती बाई एका जाड वहीत तिच्या नावापुढं लिहायच्या. मग दोन फुटाणे तोंडात टाकून म्हणायच्या, "जा, हातपाय धू." झाली मुलाखत.

हॉस्टेल सोलापुरात, सात रस्ता चौकापासून चालत दहा मिनिटांवर, मिशनच्या जुन्या आवारात होतं. करमाळा, बार्शी, अक्कलकोट अशा गावांकडून कॉलेजसाठी आलेल्या आम्ही पंचवीस-तीस ख्रिस्ती मुली तिथं राहायचो. दुष्काळ नुकताच सरला होता आणि ताटात अजून रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीचीच भाकरी पडत होती. भूक लागायला आम्हाला वेगळं कारण लागत नव्हतं. तरी बाई हा प्रश्न इतक्या गंभीरपणे विचारायच्या की नव्या मुलीला वाटे, इथं जेवण कमी देण्याचा काहीतरी डाव दिसतोय.

त्या काळात ख्रिस्ती घरातली मुलगी मॅट्रिक झाली की तिच्यापुढं तीन दारं असत. नर्स, मास्तरीण, नाहीतर पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, थोर माणसं याला 'पाचारण' म्हणत, आणि देव मोठा शहाणा, तो नेमका त्या तीन दारांतूनच पाचारण करी. बाईंना हा शब्द ऐकला की चीड यायची. "पाचारण, पाचारण काय लावलंय? आई जेवायला हाक मारते ना, तशी साधी हाक असते ती. आणि देवाच्या घराला तीनच दारं असतील यावर माझा विश्वास नाही. मी शास्त्र पुष्कळ वाचलंय, मला तरी कुठं सापडलं नाही."

म्हणून बाईंनी शनिवार काढला होता. नव्या मुलीला त्या सलग चार-पाच शनिवार वेगवेगळ्या ठिकाणी धाडायच्या. एकदा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडे, एकदा पोस्टात, एकदा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, एकदा रोपवाटिकेत, एकदा दवाखान्यात. दिवसभर तिथं बसायचं, सांगतील ते काम करायचं. डबा न्यायचा नाही, हातात घड्याळ बांधायचं नाही. भूक लागली की तिथल्या माणसाकडे मागून खायचं आणि तेव्हा किती वाजले ते विचारून लक्षात ठेवायचं. त्या माणसाला बाईंनी आधीच सांगून ठेवलेलं असे. जिथं मुलीला भूक सगळ्यात उशिरा लागली तिथं तिची हाक, असा बाईंचा सरळ हिशेब होता.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कसं, ते त्यांनीच एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. हॉस्टेलवर येण्याआधी त्यांनी अठरा वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. दुसऱ्या तासालाच त्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागत. डॉक्टर झाले, काढे झाले, निदान काही होईना. एकदा शाळेची भिंत बांधायला एक गवंडी आला होता. सकाळी त्यानं भाकरीचं फडकं झाडाखाली ठेवलं आणि कामाला लागला. दुपारी तीन वाजता बाई वर्गातून बाहेर आल्या तर त्या फडक्याला मुंग्या लागलेल्या. "मी म्हटलं, अहो, तुमची भाकरी मुंग्यांनी नेली. तर म्हणतो कसा, आँ, जेवायचं व्हतं व्हय? आणि परत ओळंबा धरून भिंतीकडं बघत बसला. तेव्हा मला उमगलं गं, माझं दुखणं पोटाचं नाही."

दुसऱ्याच महिन्यात त्यांनी शाळा सोडली आणि आमच्या हॉस्टेलची जबाबदारी घेतली.

हे माप सदा बरोबर यायचं असं मुळीच नाही. माझ्या खोलीत सुशीला म्हणून एक मुलगी होती. तिला विजापूर वेशीकडच्या एका बेकरीत पाठवलं. संध्याकाळी ती म्हणाली, "भूक लागलीच नाही, बाई." पुढच्या शनिवारी पुन्हा तिथंच, पुन्हा तेच उत्तर. बाई हर्षानं फुलून गेल्या. मंडळीत पहिली बेकरीवाली तयार होणार म्हणून प्रार्थनेत आभारही मानून झाले. तिसऱ्या आठवड्यात बेकरीवाले चाचा स्वतः पाव घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, उस बच्ची कू भूक कैसे लगेगी? सुबो से शाम तक नानकटाई खा री वो."

बाई इतक्या हसल्या की खुर्चीवरून उठून भिंतीला टेकल्या. चुकीचं त्यांना कधी वैषम्य वाटत नसे. मुलींना त्या होणाऱ्या कामाच्या नावानंच हाक मारायच्या, त्यामुळे चूक झाली की सगळ्या हॉस्टेलला कळे. मीठ कमी-जास्त झाल्यावरून तासभर वाद घालणाऱ्या एका मुलीला त्या वर्षभर 'वकीलसाहेब' म्हणत होत्या. पोस्टात शिक्के मारताना तिला दुपारचे चार वाजले तरी भूक लागली नाही, तेव्हापासून ती 'पोस्टमास्तर' झाली. ती पुढं खरंच पोस्टात लागली आणि तिथंही भांडायचीच.

बाईंची प्रार्थना हा तर स्वतंत्र विषय. सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि बाईंचे उघडे. देवाशी त्या वाण्याच्या दुकानात बोलावं तसं बोलत. "प्रभू, मार्थाला बॉटनी झेपत नाही. तिच्या बापाला कळत नाही, तुला तरी कळू दे. आणि तिसऱ्या रांगेत कोण हसतंय तेही बघ." आम्हाला हसू आवरत नसे, पण ज्या दिवशी आपलं नाव घेतलं जाई त्या दिवशी डोळे आणखी घट्ट मिटले जात, हेही खरं.

आणि या सगळ्यात ते फुटाणे. बाई दर तासाला खायच्या. पिठाचं पोतं मोजून घेताना, मोऱ्या धुतल्या की नाही ते बघताना, कपाटांच्या किल्ल्या शोधताना हात पिशवीत जायचा. आमच्यातल्या वात्रट मुली म्हणायच्या, सगळ्यांना हाक ऐकवणाऱ्या बाईंना स्वतःला अजून हाक आलेली दिसत नाही. एकदा पोस्टमास्तरनं हे त्यांच्या तोंडावर विचारलं. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. बाईंनी तोंडातला घास संपवला आणि म्हणाल्या, "मला ठाऊक आहे ते. पन्नाशी उलटली, मी अजून शोधतेच आहे. म्हणून तर तुमच्या मागं लागते ना बायांनो, तुमचं तरी वेळेवर होऊ दे."

त्यानंतर तो विनोद आम्ही कुणी केला नाही.

आता माझं. माझे बाबा जेऊर स्टेशनपासून कोसभर आत असलेल्या एका गावात पाळक होते. माझ्या जन्माच्या वेळी आई अडली. बैलगाडीनं जेऊर, तिथून रेल्वेनं सोलापूर, असं करत तिला मिशनच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या एका नर्सनं दोन दिवस पाठ न टेकता आम्हा दोघींना वाचवलं. बाबांनी त्याच व्हरांड्यात गुडघे टेकून देवाला शब्द दिला की ही मुलगी मी याच कामाला देईन. घरात ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की मला ती माझ्या नावासारखीच वाटायची. नर्सिंगला अठरा वर्षं पुरी लागत, मला एक वर्ष कमी पडत होतं, तेवढ्यापुरतं मला कॉलेजात प्री-डिग्रीला घातलं होतं. माझं सगळं ठरलेलं होतं. शनिवारी मला पाठवू नका असं मी बाईंना म्हटलंही. बाई म्हणाल्या, "ठरलंय ना? मग भ्यायचं कशाला?"

तिसऱ्या शनिवारी मला शहराच्या पूर्व भागात एका तेलुगू मास्तरांकडे पाठवलं. सोलापूरच्या जाकार्ड चादरींवरची नक्षी ते काढायचे. चादरीवर जो मोर दिसतो तो आधी बारीक चौकटींच्या कागदावर बसवावा लागतो. एक घर म्हणजे एक धागा. त्या घरांप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात आणि माग त्या भोकांवरून धागे उचलतो. कागदावर एक घर चुकलं तर चादरीगणिक मोर चुकतो. शाळेत मी ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या, पण या चित्रातून पोट भरणारी माणसं असतात हे मला ठाऊक नव्हतं.

मास्तर फार बोलत नसत. त्यांनी कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, "मोराची मान बघ. कुठं तरी अडकतेय." मी बघत बसले. मग पेन्सिल घेतली. मग रबर घेतलं. मान झाली तशी मी पिसाऱ्याला हात घातला. केव्हातरी एक ताट बाजूला आलं, कुणीतरी काहीतरी म्हणालं, मी हं म्हटलं. परत मान वर केली तेव्हा उन्हं कलली होती आणि मास्तरांच्या बायको, त्यांना सगळे अक्का म्हणत, दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. ताटातला भात वाळला होता, चिंचेच्या वरणावर साय आली होती. मला इतकी लाज वाटली की मी ते ताट ओढलं आणि गपागपा संपवलं. पाच वाजले होते.

फाटकात बाईंनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "एकला जेवले, बाई. पोटभर." त्या घरानं मला पाचपर्यंत उपाशी ठेवलं असं बाईंना वाटू नये एवढंच माझ्या मनात होतं. बाईंनी लिहिलं, एक वाजता.

पुढच्या शनिवारी दवाखाना. तिथं मला सकाळी दहालाच कडकडून भूक लागली. मेट्रनबाई दोनदा म्हणाल्या, "लागली तर सांग गं." पण पाळकाची मुलगी, बाबांचा शब्द, तोच व्हरांडा. शिवाय आईनं लहानपणापासून शिकवलेलं, दुसऱ्याच्या दारात पोरीच्या जातीनं भुकेचं नाव काढायचं नाही. अकराला मला एका म्हाताऱ्या आजींना पेज भरवायला बसवलं. गरम भाताची पेज, वर मिठाचा खडा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. चमचा अर्ध्या वाटेत थांबला. आजी तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी चमच्याकडे. क्षणभर मला खरंच कळेना तो कुणाच्या तोंडात जाणार आहे. अखेर तो आजींच्याच तोंडात गेला, पण माझ्या मनात आलं होतं ते आलंच होतं.

फाटकात बाईंनी विचारलं, "भूक कितीला लागली?"

"लागलीच नाही, बाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला जवळ ओढून डोक्यावर हात ठेवला. "बघ, ठरलेलंच होतं ते खरं निघालं. असं फार क्वचित होतं गं." त्याच आठवड्यात त्यांनी बाबांना पत्र लिहिलं. बाबांचं उलट टपाली उत्तर आलं, त्यात देवाची इतकी स्तुती होती की मला ते पुरतं वाचवेना. बाईंनी दवाखान्यातून पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचा फॉर्म आणला, मला 'सिस्टर' म्हणायला सुरुवात केली. मला नर्स व्हायचं नव्हतं. हे वाक्य मी तोवर मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं. फक्त वहीच्या समासात मोर काढायची आणि कुणी आलं की पान उलटायची.

फॉर्म सोमवारी द्यायचा होता. त्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी अक्का हॉस्टेलच्या फाटकात आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे नवी मुलगी जायची होती, तसा निरोप बाईंनी धाडला होता. मी हौदावर कपडे धूत होते, बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"बाई, राग मानू नका," अक्का म्हणाल्या, "आता आमच्यात पोरगी नका पाठवू."

"का हो अक्का, काय झालं?"

"त्या मागच्या पोरीला आमच्या हातचं चालत नाही की हो. बारा वाजता ताट वाढलं. एकला बघितलं, तसंच. तीनला बघितलं, तसंच. पाचला मी दारात उभी राहिले तर मला बघून भिऊन भिऊन खाल्लं. आम्ही काय वाईट लोक आहोत का? मी आंघोळ करून स्वयंपाक करते, बाई." आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग जरा थांबून म्हणाल्या, "मास्तर म्हणतात, पोरीचा हात लई चांगला. तो मोर तसाच ठेवलाय त्यांनी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

माझ्या हातातलं लुगडं हौदात पडलं. आमच्या गावात माझ्या आजीला लोक वरून पाणी ओतायचे, ओंजळीत. दुकानदार पैसे ओट्यावर ठेवायला लावायचा. आमच्या हातचं लोक खात नाहीत हे ऐकत मी वाढले होते. आणि इथं एक बाई रडत होती, की मी तिच्या हातचं खाल्लं नाही म्हणून. मी काय केलं होतं ते मला त्या क्षणी कळलं आणि तिथंच खाली बसून रडले.

बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर ते गजराचं घड्याळ.

"ताट कितीला खाल्लंस?"

"पाचला."

"मला काय सांगितलंस?"

"एकला."

"आणि दवाखान्यात?"

मी आजींच्या पेजेसकट सगळं सांगितलं. बाई रागावतील, निदान पाळकाची मुलगी खोटं बोलते म्हणून दुखावतील, असं मला वाटत होतं. त्यांनी टेबलावरचं घड्याळ पालथं ठेवलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मुलींना भूक लागली म्हणायची लाज वाटते, हे मला इतक्या वर्षांत कळू नये? मी एकेकीला फाटकात उभी करून खोटं बोलायला लावत होते." त्यांनी वही उघडली आणि 'लागलीच नाही' असं लिहिलेल्या जुन्या नावांवरून बोट फिरवत बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. पुढच्या काही दिवसांत त्यांनी त्या प्रत्येकीला पोस्टकार्ड लिहिलं, खरी वेळ कळव म्हणून. मिरजेला नर्स झालेल्या एकीचं उत्तर मी पाहिलं आहे. तिनं लिहिलं होतं, "बाई, तेव्हा मी खोटं बोलले होते. पण आता खरोखरच लागत नाही."

ते पुढचं. त्या शुक्रवारी संध्याकाळी बाई मला घेऊन पूर्व भागात गेल्या. अक्कांपुढं मला उभं केलं आणि म्हणाल्या, "हिला तुमचा मोर इतका आवडला की ही ताट विसरली. हिला वाढा." अक्कांचा विश्वास बसेना. मास्तर आतून म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" मी दोन वेळा भात मागून घेतला. मागून घेतला, हे महत्त्वाचं. अक्का समोर बसून मला वाढत होत्या आणि तेलुगूत मास्तरांना काहीतरी सुनावत होत्या. मास्तर म्हणाले, प्री-डिग्री होईपर्यंत हिनं माझ्याकडे शिकावं, नंतर मुंबईच्या कलाशाळेत कापडाच्या नक्षीचा अभ्यास असतो, तिथं धाडा. परत येताना वाटेत बाई म्हणाल्या, "सकाळच्या पॅसेंजरनं जेऊरला जायचं. आता कसोटी तुझ्या बाबांची नाही, माझी आहे."

दुसऱ्या दिवशी, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, शनिवार असून फाटकात खुर्ची नव्हती.

गाडीत बाई अस्वस्थ होत्या. वाक्यं जुळवत होत्या, मोडत होत्या. जेऊरला उतरून कोसभर चाललो. बाबा अंगणात होते. "सलाम, बाईसाहेब!" म्हणून आनंदानं पुढं आले. त्यांना वाटलं, बाई अभिनंदनाला आल्या. आईनं लगबगीनं चूल पेटवली.

बाईंनी बसल्या बसल्या सांगितलं, "पाळकसाहेब, मी तुम्हाला लिहिलेलं पत्र चुकीचं आहे. माफी मागायला आलेय."

बाबांचा चेहरा उतरला. सगळं ऐकून घेतल्यावर ते शांतपणे म्हणाले, "बाई, मी देवाला शब्द दिला आहे. हन्नानं पोटच्या शमुवेलाला देवाला दिलं तसं हिला दिलं आहे. दिलेलं परत कसं घेऊ?"

"शब्द तुम्ही दिलात. पाळायचा हिनं?"

"तिचा जीव त्या दवाखान्यानं दिला."

"कबूल. म्हणून तर तो नीट वापरू दे."

असं बराच वेळ चाललं. बाबा शास्त्रातलं एक काढत, बाई दुसरं. आईनं ताटं वाढून आणली. बाई म्हणाल्या, "थांबा हं वहिनी, एवढं होऊ द्या." ताटं झाकून ठेवली. दुपार उलटली. मी खांबाला टेकून उभी होते आणि माझं सगळं आयुष्य त्या दोघांच्या मध्ये अंगणात पडलं होतं.

शेवटी बाईंनी विचारलं, "पाळकसाहेब, खरं सांगा. उपासनेच्या दिवशी तुम्हाला भूक कितीला लागते?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "त्यास्नी कुटली लागतीय?" आई म्हणाली. "मीच हाका मारून दमते. नाताळात तर दिस मावळंस्तवर पाण्याचा थेंब न्हाय घेत. लई येळा जेवन चुलीवरच ऱ्हातं."

"मग तेच तुमच्या लेकीला मिळू द्या की," बाई म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "दवाखान्यात तुला भूक लागली होती?"

"दहालाच, बाबा. आजींना पेज भरवताना मला ती पेज खावीशी वाटली."

"आजारी माणसाची पेज?"

"हो."

आई आतून हसली. बाबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, मग तेही हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "नको मग," ते म्हणाले, "पेशंट उपाशी मरतील." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "शब्दाचं मी बघतो. दिला मीच होता."

ते त्यांनी बघितलं. पुढं पंधरा-सोळा वर्षं, पाय चालत होते तोवर, बाबा दर महिन्याला एक दिवस रेल्वेनं सोलापूरला येत आणि त्या दवाखान्यात ज्यांचं कुणी नसे त्यांना जेवण भरवत. संध्याकाळी माझ्याकडे येत तेव्हा त्यांना सपाटून भूक लागलेली असे. मी विचारलं तर म्हणत, "दहापासून लागलीय. पण शब्द तो शब्द." मी तोवर चादरींच्या नक्ष्या काढायला लागले होते, आणि तीसएक वर्षं काढल्या. पहिला मोर मास्तरांनी माझ्या नावानं मागावर चढवला. त्यातली एक चादर अक्कांनी बाईंना नेऊन दिली.

पण मला सांगायची आहे ती त्या शनिवारची संध्याकाळ. बाबांनी होकार दिला तोवर गाडीची वेळ झाली होती. धावपळ करत निघालो. आईनं भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली आणि मला दाराआड ओढून हळूच विचारलं, "बाईंनी ताटाला हात न्हाय लावला गं. आपल्या हातचं चालत न्हाय व्हय त्यास्नी?"

मी आईकडे बघत राहिले. मग मला हसूही आलं आणि रडूही. "तसं नाही गं," मी म्हणाले. "तसं मुळीच नाही."

गाडी सुटली. डब्यात गर्दी नव्हती. बाई खिडकीशी बसून बाबा काय म्हणाले, आपण काय म्हणालो, ते पुन्हापुन्हा सांगत होत्या. मला त्यांची ती बडबड ऐकायला बरं वाटत होतं. मग मी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. आतून फुटाण्यांची पुडी काढली. सोलापूर स्टेशनवर सकाळी घेतलेली, दोऱ्याची गाठही सुटलेली नव्हती. घड्याळ काढलं. सहाला दहा कमी होते.

मी घड्याळ त्यांच्यासमोर धरलं आणि विचारलं, "बाई, भूक कितीला लागली?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं. हात पोटावर ठेवला, जणू तिथं कुणी आहे का ते बघत होत्या. मग त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी पुडी परत पिशवीत ठेवली. बाहेर करमाळ्याकडची माळरानं मागं पडत होती.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "सोड गं ते फडकं. आता लागली."

कुर्डुवाडी येईपर्यंत आम्ही दोघींनी आईच्या सगळ्या भाकरी संपवल्या. हॉस्टेलात हे कुणाला सांगायचं नाही, असं बाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्या होत्या तोवर मी कुणाला सांगितलं नाही.